वॉरंटी संपली म्हणजे हक्क संपत नाही

न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला गाडीच्या सर्व्हिस काउंटरवर एक वाक्य कधी ना कधी ऐकायला मिळतंच: "सॉरी, तुमच्या गाडीची वॉरंटी संपलेली आहे." ते ऐकलं की आपण मान डोलावतो, कार्ड काढतो, पैसे भरतो. घरी येऊन डीलरच्या नावाने बोटं मोडतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'अमुक कंपनीची गाडी घेऊ नका' असा निरोप टाकतो आणि कामाला लागतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हे वाक्य या देशात अर्धसत्य आहे, ते सांगणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊक असतं, आणि ते मुकाट्याने ऐकून घेण्याची आपली सवय आपल्याला दरवर्षी हजारो डॉलरना पडते.

हे कुणा एका डीलरविरुद्धचं गाऱ्हाणं नाही. माझ्या स्वतःच्या गाडीची कथा पुढे येईल, पण तिच्यात ना गाडीचं नाव आहे ना डीलरचं. मला भांडायचं आहे ते तुमच्याशी, म्हणजे आपल्याशी.

आधी यंत्राबद्दल थोडं, कारण काउंटरवरचं अर्धं राजकारण ते यंत्र आपल्याला कळत नाही या गृहीतकावर चालतं.

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो आणि वर कॅमशाफ्ट. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. पिस्टन कधी वर यायचे आणि व्हॉल्व्ह कधी उघडायचे याचा मेळ या दोघांमधल्या टायमिंग चेनवर अवलंबून असतो. चेन सैल पडू नये म्हणून तिला एका बाजूने सतत दाबून धरणारा जो भाग असतो, तो टेन्शनर. बहुतेक गाड्यांत तो तेलाच्या दाबावर चालतो. आत एक छोटा पिस्टन, एक स्प्रिंग, तेल परत जाऊ न देणारी एक झडप आणि पुष्कळदा मागे न सरकणारी दातेरी पट्टी. रात्रभर गाडी उभी राहिली आणि टेन्शनरमधलं तेल खाली उतरलं, की सकाळी सुरू करताना तेलाचा दाब येईपर्यंत चेन मोकळी राहते आणि प्लास्टिकच्या गाइडवर आपटते. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिले काही सेकंद येणारी खडखड ती हीच. गाडी गरम झाली की आवाज जातो, आणि म्हणून दुपारी अकराला मेकॅनिकने बॉनेट उघडलं की त्याला काहीच ऐकू येत नाही.

हा आवाज काही दिवस सहन करता येतो. पण टेन्शनर कमजोर राहिला तर गाइड झिजतात, चेनच्या पिना आणि बुश झिजून तिची लांबी वाढते, इंजिनाचा दिवा लागतो, क्रँक आणि कॅमचा मेळ बिघडल्याचे फॉल्ट कोड येतात. शेवटी चेन स्प्रॉकेटचा दात सोडते. ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात, तिथे त्यांची टक्कर होते आणि मग टायमिंग किटचा प्रश्न उरत नाही, इंजिनच बदलावं लागतं. आवाज आला तेव्हा जे काम काही हजार डॉलरचं होतं, ते गाडीच्या किमतीपर्यंत जाऊन पोचतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पूर्वी बऱ्याच गाड्यांत चेनऐवजी रबरी पट्टा असायचा आणि तो साधारण एक लाख किलोमीटरला बदलायचा असं पुस्तकातच लिहिलेलं असायचं. चेन आली तेव्हा ती विकली गेली ती 'आता बदलायची भानगडच नाही' या शब्दांवर. बहुतेक गाड्यांच्या सर्व्हिसच्या वेळापत्रकात चेन बदलण्याचा रकानाच नसतो. याचा अर्थ उत्पादकाने स्वतःच तुम्हाला सांगितलं आहे की हा भाग इंजिनाइतका टिकेल. मग तोच भाग ७० हजार किलोमीटरवर खडखडायला लागल्यावर 'झीज तर होणारच' हे उत्तर कसं चालेल?

ही तक्रार एकट्यादुकट्याची नाही. फोक्सवॅगन आणि ऑडीच्या काही पेट्रोल इंजिनांतल्या टेन्शनरवरून अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि २०१८ मध्ये तडजोड होऊन गाडीमालकांना दुरुस्तीचे पैसे परत मिळण्याची सोय झाली. बीएमडब्ल्यूच्या एन ४७ या डिझेल इंजिनाची चेन इंजिनाच्या मागच्या, गिअरबॉक्सच्या बाजूला होती, त्यामुळे तिच्यापर्यंत पोचायलाच इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागायचा. मोठ्या, नावाजलेल्या कंपन्यांच्या रचनेत चुका होतात. त्या चुकांची किंमत कुणी मोजायची, एवढाच प्रश्न असतो.

आता कायदा. न्यूझीलंडमध्ये १९९३ सालचा कन्झ्युमर गॅरंटीज अ‍ॅक्ट आहे, ग्राहक हमी कायदा म्हणू या. व्यापाऱ्याकडून घरगुती वापरासाठी घेतलेल्या वस्तूचा दर्जा स्वीकारार्ह असला पाहिजे, अशी हमी हा कायदा देतो. कलम ७ मध्ये स्वीकारार्ह म्हणजे काय ते सांगितलं आहे: वस्तू तिच्या नेहमीच्या कामाला योग्य, दिसायला ठीक, किरकोळ दोषांपासून मुक्त, सुरक्षित आणि टिकाऊ हवी. कसोटी अशी की वस्तूचं स्वरूप, किंमत, तिच्याबद्दल सांगितलेली माहिती हे सगळं जाणणारा समंजस ग्राहक तिला ठीक म्हणेल का. या कलमात तीन वर्षं, पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटर अशी कोणतीही मुदत नाही. मुदत असते ती कंपनीच्या वॉरंटीला. वॉरंटी हा कंपनीने स्वखुशीने दिलेला कागद आहे आणि हमी हा संसदेने दिलेला हक्क आहे. पहिला संपला तरी दुसरा चालू राहतो. डीलरने घरगुती ग्राहकाकडून 'हा कायदा मला लागू नाही' असं लिहून घेतलं तरी त्याला अर्थ नसतो.

हा कायदा वापरलेल्या गाड्यांनाही लागू आहे, आणि या देशात ते फार महत्त्वाचं आहे. १९९८ मध्ये न्यूझीलंडने गाड्यांवरचं आयातशुल्क काढून टाकलं. त्याच वर्षी थेम्स, नेल्सन, पोरिरुआ इथले गाड्या जोडण्याचे कारखाने बंद झाले. आज इथे गाडी तयार होत नाही. आपल्यातले बहुतेक जण जपानहून आलेली वापरलेली गाडी घेतात, जिच्या रेडिओवर अजून जपानी अक्षरं उमटतात. 'जपानी गाडी आहे, कंपनी तिकडे, मी कुणाला जाब विचारू?' असं आपल्याला वाटतं. कायद्याने याचंही उत्तर दिलं आहे. परदेशी उत्पादकाचा इथे व्यवसायाचा पत्ता नसेल तर गाडी आयात करणाराच उत्पादक धरला जातो. आणि ज्याने तुम्हाला गाडी विकली तो डीलर तर आधीपासून बांधलेला आहेच.

आता माझ्या गाडीचं सांगते. मी डनिडिनमध्ये पोस्टडॉक आहे, संशोधनाचा विषय धातूंची झीज, करार दोन-दोन वर्षांचे. चार वर्षं जुनी, ५२ हजार किलोमीटर झालेली गाडी नोंदणीकृत डीलरकडून १८ हजार ५०० डॉलरला घेतली. तेल दर वेळी वेळेवर बदललं, पावत्या ठेवल्या. २० महिन्यांनी, ७१ हजार किलोमीटरवर, सकाळची खडखड सुरू झाली.

डीलरच्या सर्व्हिस काउंटरवर पहिलं उत्तर मिळालं, "थंडीत सगळीच इंजिनं थोडा आवाज करतात." ते उत्तर देताना सल्लागार माझ्या नवऱ्याकडे पाहत होता, ज्याला गाडीतलं फक्त पेट्रोलचं झाकण कुठे आहे ते ठाऊक आहे. दुसऱ्या वेळी मी गाडी आदल्या संध्याकाळी तिथे नेऊन ठेवली आणि सकाळी सुरू करताना ऐका, असं लिहून दिलं. आवाज ऐकू आला. मग सांगितलं की वॉरंटी संपली आहे, पण 'सद्भावना म्हणून' टेन्शनरचा अर्धा खर्च आम्ही करू. टेन्शनर बदलला. सहा आठवड्यांत खडखड परत. आता चेन, गाइड आणि स्प्रॉकेट बदलायला ३ हजार ९०० डॉलर, आणि कारण काय, तर 'नॉर्मल वेअर अँड टेअर'.

झीज हा माझ्या रोजच्या कामाचा भाग असल्यामुळे या तीन शब्दांनी माझं डोकं फिरलं. झीज प्रत्येक गोष्टीची होते. ब्रेक पॅड झिजतात, टायर झिजतात, वायपर झिजतात, आणि ते झिजणार हे विकत घेतानाच माहीत असतं. एखादा भाग झिजला, एवढं सांगून काहीच सिद्ध होत नाही. तो किती लवकर झिजला आणि तेवढ्या लवकर झिजणं ग्राहकाला अपेक्षित होतं का, हे विचारावं लागतं. कायदाही नेमकं तेच विचारतो.

मी एक पानाचं पत्र लिहिलं. त्यात तारखा, किलोमीटर, तेल बदलल्याच्या नोंदी, थंड इंजिन सुरू करतानाच्या तीन चित्रफिती, आणि दोन मागण्या. पहिली, ही गाडी टिकाऊपणाच्या हमीत बसत नाही, तेव्हा दोष विनाखर्च दूर करा. दुसरी, तुम्ही केलेलं टेन्शनरचं काम रास्त काळजीने आणि कौशल्याने झालं असतं तर चेन आणि गाइड तेव्हाच तपासले गेले असते. सेवेलाही हाच कायदा लागू आहे. उत्तरासाठी दहा दिवस दिले. आलेल्या उत्तरात पुन्हा वॉरंटीचाच पाढा होता. मी मोटर व्हेइकल डिस्प्यूट्स ट्रायब्युनलकडे अर्ज केला. सुनावणीच्या आधीच डीलरचा फोन आला. पूर्ण टायमिंग किट त्यांच्या खर्चाने बसवलं आणि मी आधी भरलेला टेन्शनरचा निम्मा खर्चही परत केला. कुणी आवाज चढवला नाही, कुणी अपमान केला नाही. गाडी परत नेताना मेकॅनिकने जुनी चेन हातात देऊन सांगितलं की पहिल्याच वेळी हे सगळं बदलायला हवं असं त्याने लिहून दिलं होतं. लबाडी कारखान्यात नव्हती, काउंटरवर होती.

ही गोष्ट मी मंडळाच्या गणपतीत सांगितली तेव्हा जे ऐकायला मिळालं, त्यासाठी हा लेख आहे.

एक दादा म्हणाले, "कशाला एवढं ताणायचं? आपण इथे पाहुणे." हे वाक्य परदेशातल्या मराठी घराघरांत आहे आणि ते मला डीलरच्या वाक्याहून जास्त खटकतं. पाहुणा कर भरत नाही. आपण भरतो. दुकानात वस्तूवर १५ टक्के जीएसटी भरताना कुणी आपल्याला व्हिसा विचारत नाही, आणि हमी कायदाही तो विचारत नाही. त्यात 'ग्राहक' या शब्दाच्या व्याख्येत नागरिकत्वाचा उल्लेख नाही. हा दिवाणी व्यवहारातला वाद आहे, वस्तू विकणारा आणि घेणारा यांच्यातला. तक्रार केली म्हणून निवासाचा अर्ज अडकेल ही भीती निराधार आहे, पण ती इतकी खोल आहे की तिच्यामुळे माणसं घरमालकाशी बोलत नाहीत, नोकरीत जादा तासांबद्दल बोलत नाहीत आणि गाडीबद्दलही बोलत नाहीत. काउंटरपलीकडच्या माणसाला हे कळतं. कोण भांडणार आणि कोण मुकाट पैसे भरणार, याचा अंदाज त्याला पहिल्या दोन मिनिटांत येतो.

दुसरा सूर होता, "अगं, माझ्या ओळखीचा एक पंजाबी मेकॅनिक आहे, निम्म्यात करून देईल." निम्म्यात करेल, उत्तमही करेल. पण ज्या कामाचा खर्च दुसऱ्याने करायचा आहे ते निम्म्या पैशांत करून घेणं म्हणजे नफा नव्हे. शिवाय कायद्याचा क्रम असा आहे की आधी विकणाऱ्याला दोष दूर करायची संधी द्यावी लागते. त्याने नकार दिला किंवा रास्त वेळात केलं नाही, तर तुम्ही दुसरीकडे दुरुस्त करून तो खर्च त्याच्याकडून मागू शकता. दोष गंभीर असेल तर गाडी नाकारून पैसेही मागता येतात, फक्त त्यासाठी फार काळ थांबून चालत नाही. आधीच ओळखीच्याकडे जाऊन इंजिन उघडलं, जुना टेन्शनर भंगारात गेला, की तुमचा पुरावाही त्याबरोबर गेला. ओळखीवर चालणं ही आपली जुनी शिकवण आहे. जिथे नियम चालत नव्हते तिथे ओळखीने तारलं, हे खरं. पण जिथे नियम आहे तिथेही ओळखच शोधत बसलो तर तो नियम आपल्यापुरता मरतो.

तिसरा सूर सर्वांत गोड: "डीलरने अर्धे दिले ना? चांगलं वागला की." सद्भावना या शब्दापासून जपून राहा. तुमच्या हक्काची गोष्ट कुणी निम्मी करून उपकार म्हणून देत असेल तर त्याला सद्भावना म्हणायचं नसतं. शिवाय 'वॉरंटी संपली, आता आमची काही जबाबदारी नाही' असं ग्राहकाला सांगणं हे हक्कांबद्दल दिशाभूल करणारं विधान ठरू शकतं, आणि तशा विधानांना फेअर ट्रेडिंग अ‍ॅक्ट १९८६ मनाई करतो. त्यावर लक्ष ठेवायला कॉमर्स कमिशन आहे. एक्सटेंडेड वॉरंटी विकताना तर जून २०१४ पासून विक्रेत्याला तुलना लिहून द्यावी लागते की कायद्याने फुकट मिळणाऱ्या हमीपेक्षा या कागदात जास्त काय आहे. शिवाय ती घेतल्यावर पाच कामाच्या दिवसांत रद्द करता येते. गाडी घेताना हजार-दीड हजार डॉलरचा तो कागद तुमच्यापुढे सरकवला गेला असेल, तर ती तुलना मागितलीत का?

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. हा कायदा जादूची कांडी नाही. १४ वर्षं जुनी, दोन लाख किलोमीटर पळालेली गाडी तीन हजार डॉलरला घेतली आणि तिची चेन वाजू लागली, तर समंजस ग्राहकाने तसं काही होणार हे धरूनच चालायला हवं. तेल दोन-दोन वर्षं बदललं नाही, पातळी तपासली नाही, स्वस्त म्हणून भलत्याच जाडीचं तेल घातलं, तर टेन्शनर बिघडण्याला तुम्हीही जबाबदार आहात आणि तसं म्हणायचा डीलरला हक्क आहे. ट्रेड मी किंवा फेसबुकवरून खऱ्याखुऱ्या खासगी माणसाकडून गाडी घेतली तर हा कायदा लागूच होत नाही. मात्र 'खासगी' या शब्दाकडेही नीट पाहा. वर्षात सहापेक्षा जास्त गाड्या विकणारा माणूस कायद्याच्या नजरेत साधारणपणे व्यापारीच असतो, मग तो आपल्या मंडळाचा उत्साही कार्यकर्ता असो आणि 'भावा, घरातलीच गाडी आहे' म्हणत असो. आणि वॉरंट ऑफ फिटनेस मिळालं म्हणजे इंजिन ठीक, असंही समजू नका. त्यात ब्रेक, टायर, दिवे, गंज असं सुरक्षिततेचं तपासतात. टायमिंग चेनशी त्याचा संबंध नाही.

या मर्यादा सांगूनही माझा मुद्दा उभाच राहतो. आपल्या बहुतेकांच्या गाड्या या दोन टोकांच्या मधल्या असतात: पाच ते आठ वर्षं वयाच्या, लाखाच्या आत चाललेल्या, १०-२० हजार डॉलरच्या. नेमक्या तिथेच हमी कायदा कामाचा आहे आणि नेमक्या तिथेच आपण गप्प बसतो.

ट्रायब्युनल या शब्दाला घाबरू नका. मोटर व्हेइकल डिस्प्यूट्स ट्रायब्युनल नोंदणीकृत गाडी-व्यापाऱ्यांविरुद्धच्या एक लाख डॉलरपर्यंतच्या तक्रारी ऐकतं. निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याबरोबर गाड्यांचं तांत्रिक ज्ञान असलेला एक तज्ज्ञ बसतो, त्यामुळे 'थंडीत सगळीच इंजिनं आवाज करतात' हे तिथे फार वेळ टिकत नाही. जुने निकाल प्रसिद्ध होतात आणि कुणीही ते वाचू शकतं. आपल्यासारख्या गाडीचा, तेवढ्याच किलोमीटरचा निकाल शोधून पत्रात जोडला तर उत्तराचा सूर बदलतो. अर्ज कसा भरायचा हे सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ब्युरोमध्ये आणि कम्युनिटी लॉ सेंटरमध्ये फुकट समजावून सांगतात.

कायद्यात भोकंही आहेत आणि तीही आपल्याला माहीत हवीत. दुरुस्तीची सोय आणि सुटे भाग रास्त काळ उपलब्ध ठेवण्याची हमी उत्पादकावर आहे, पण 'आम्ही ते देणार नाही' असं त्याने ग्राहकाला आधीच कळवण्याची रास्त व्यवस्था केली, तर कलम ४२ त्याला मोकळं सोडतं. ही पळवाट बुजवण्यासाठी ग्रीन पक्षाच्या मारामा डेव्हिडसन यांचं दुरुस्तीच्या हक्काचं विधेयक २०२४ मध्ये संसदेत आलं. शेजारच्या ऑस्ट्रेलियात जुलै २०२२ पासून उत्पादकांना गाड्यांची दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना रास्त किमतीत विकावी लागते. असे विषय इथे चर्चेला येतात तेव्हा निवड समिती जनतेकडून निवेदनं मागवते. दिवाळीच्या कार्यक्रमाला खासदाराला बोलावून शाल देणारी आपली मंडळं त्याच खासदाराला याबद्दल एक पत्र का लिहीत नाहीत?

हे विचारायचा आपल्याला विशेष अधिकार आहे, कारण ग्राहक चळवळ आपल्याला नवी नाही. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ मध्ये. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि शेजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याचं वाणसामान घाऊक भावाने, वजनमाप तपासून घ्यायचं, ही पद्धत तिने घरोघरी नेली. भारतात ग्राहक संरक्षण कायदा झाला १९८६ मध्ये, म्हणजे या चळवळीनंतर एक तपाने. आपल्यापैकी कित्येकांच्या आया-मावश्यांनी पंचायतीच्या संघात तूरडाळ तोलून वाटून घेतली आहे. पावशेर डाळ कमी भरली तर दुकानदाराला ऐकवणाऱ्या त्या बायका. त्यांची मुलं इथे पीएचडी करून चार हजार डॉलर बिनतक्रार भरतात आणि वर 'थँक यू, मेट' म्हणतात.

इथल्या किवी माणसाचं 'शील बी राइट' आणि आपलं 'चालतंय की' या सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हींमध्ये एक मोकळेपणा आहे आणि तो मला आवडतो. पण किवी शेजारी काउंटरवर शांतपणे, हसत हसत 'अ‍ॅक्टप्रमाणे काय ते बघा' एवढं म्हणतो आणि त्याचं काम होतं. भांडखोरपणाची गरज नसते. हक्काचं नाव माहीत असलं की पुरतं.

तेव्हा पुढच्या वेळी सकाळी गाडी खडखडली तर एवढं करा. थंड इंजिन सुरू करतानाचा आवाज फोनवर टिपा आणि तारीख, किलोमीटर लिहून ठेवा. तेलाची पातळी बघा, तेल बदलल्याच्या पावत्या एका जागी आणा. ज्याने गाडी विकली त्याच्याकडे आधी जा, आदल्या रात्री गाडी ठेवा, निदान लेखी मागा. फक्त टेन्शनर बदलणार असतील तर चेन आणि गाइड तपासले का, हे लेखी विचारा. काढलेले जुने भाग परत मागा. 'वॉरंटी संपली' म्हणाले तर त्यांना सांगा, "मी वॉरंटीबद्दल विचारत नाहीये, मी कन्झ्युमर गॅरंटीज अ‍ॅक्टबद्दल विचारते आहे." हे वाक्य इंग्रजीत पाठ करा, आरशासमोर म्हणून बघा, आपल्या आईबाबांना आणि नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना शिकवा.

आणि काम झालं की ग्रुपवर कंपनीला शिव्या घालण्याऐवजी तुमचं पत्र टाका, नावगाव खोडून. पुढच्या माणसाला ते जसंच्या तसं वापरता येईल.